मिनी नक्की कुणाची? एका निर्वासित मुलाने घडवलेल्या ब्रिटिश गाडीची गोष्ट



२०१८ नंतर आलेली एखादी मिनी कूपर रात्री तुमच्या पुढे धावत असेल, तर तिच्या मागच्या दिव्यांकडे जरा नीट बघा. अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे, असा ब्रिटनचा झेंडा त्या लाल दिव्यांत उजळलेला दिसेल. आता गंमत बघा. या गाडीची मालक आहे बीएमडब्ल्यू, म्हणजे पक्की जर्मन कंपनी, मुख्यालय म्युनिकला. झेंडा ब्रिटनचा, तिजोरी जर्मनीची. मग ही गाडी नक्की कुणाची?

फोनच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला नेहमीच पडतो. मोटोरोला हे नाव अमेरिकन, पण २०१४ पासून मालकी चीनच्या लेनोवोकडे. आयफोन अमेरिकन, पण आता कितीतरी आयफोन तमिळनाडूत जोडले जातात. ब्रँडचा देश ठरवायचा तरी कशावरून? मला याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. तो माणूस म्हणजे मिनीचा जनक, सर ॲलेक इसिगोनिस. चला, त्याची गोष्ट सुरुवातीपासून बघूया.

जन्म स्मिर्नात, आडनाव ग्रीक, आई जर्मन

ॲलेकचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ चा, स्मिर्ना शहरातला. हे शहर तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं. आज ते तुर्कस्तानात आहे आणि त्याचं नाव इझमिर. वडील कॉन्स्टंटाइन ग्रीक वंशाचे, जहाजांच्या इंजिनांचा कारखाना चालवणारे. आई हुल्डा बव्हेरियाच्या जर्मन घराण्यातली. आणि कुटुंबाचं नागरिकत्व होतं ब्रिटिश! म्हणजे इंग्लंडचा पाऊस कधी अंगावर न घेतलेला हा मुलगा कागदोपत्री ब्रिटिश होता.

हाच कागद पुढे कामी आला. १९१९ मध्ये स्मिर्नात ग्रीक सैन्य उतरलं. १९२२ च्या सप्टेंबरमध्ये तुर्की सैन्याने शहर परत घेतलं आणि प्रचंड आग लागली. शहराचा मोठा भाग जळून गेला. ब्रिटिश नागरिकांना नौदलाच्या जहाजांतून माल्टाला हलवण्यात आलं, त्यात इसिगोनिस कुटुंब होतं. घर गेलं, कारखाना गेला. वडील आजारी पडले आणि थोड्याच दिवसांत वारले. १९२३ मध्ये आई आणि मुलगा इंग्लंडला पोहोचले.

मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या माणसाची गाडी पुढे ब्रिटनची ओळख बनली, तो तिथे आला तो निर्वासित म्हणून.

गणितात तीनदा नापास, तरी इंजिनिअर

लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये ॲलेकने इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. ड्रॉइंगमध्ये हात चांगला, पण गणिताचं आणि त्याचं कधी जमलंच नाही. गणिताच्या परीक्षेत तो तीनदा नापास झाला. तरीही तो मागे हटला नाही. आधी लंडनमध्ये छोटी नोकरी, मग १९३४ मध्ये कोव्हेंट्रीची हंबर कंपनी आणि १९३६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली गावातली मॉरिस मोटर्स.

त्याचं डोकं चालायचं ते पेन्सिलीच्या टोकातून. हातात येईल त्या कागदावर तो मुक्त हाताने स्केच काढायचा आणि ते सहकाऱ्यांकडे द्यायचा. मोजमापं, आकडेमोड ही पुढची कामं त्यांची. फावल्या वेळात मित्राबरोबर त्याने एक छोटी, हलकी रेसिंग कारसुद्धा स्वतःच्या हातांनी बनवली होती. वजन कमी आणि काम जास्त, हा त्याचा मंत्र तेव्हापासूनचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने सामान्य माणसासाठी एका छोट्या गाडीवर काम सुरू केलं. तीच १९४८ मध्ये आलेली मॉरिस मायनर. गाडी जवळजवळ तयार झाल्यावर त्याला ती अरुंद वाटली. त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी कापून घेतली, दोन्ही भाग थोडे लांब सरकवून बघितले आणि रुंदी ४ इंचांनी वाढवली. मायनरच्या बॉनेटवर मध्यभागी जी सपाट पट्टी दिसते, ती त्याच कापाकापीची खूण! कंपनीचे संस्थापक लॉर्ड नफिल्ड यांना ही गाडी अजिबात आवडली नव्हती. पण १० लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी ठरली.

सुएझ कालवा बंद, पेट्रोल रेशनवर

१९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या दोन कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी तयार झाली. इसिगोनिस तेव्हा अल्विस नावाच्या कंपनीत गेला, पण काही वर्षांत बीएमसीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी त्याला परत बोलावून घेतलं.

१९५६ मध्ये इजिप्तने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटन आणि फ्रान्स लष्कर घेऊन उतरले, कालवा बंद पडला आणि तेलाचा पुरवठा अडला. डिसेंबर १९५६ पासून ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर मिळू लागलं. लोक कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या शोधायला लागले. तेव्हा बाजारात भाव वधारला तो बबल कार नावाच्या बुटक्या, अंड्यासारख्या गाड्यांचा. यातल्या बऱ्याच गाड्या जर्मन होत्या. एक होती बीएमडब्ल्यूची इसेटा. दार एकच, तेही फ्रिजसारखं समोरून उघडणारं. या इसेटाचं मूळ डिझाइन इटलीतल्या इसो कंपनीचं, आणि इसो खरोखरच फ्रिज बनवायची!

लॉर्ड यांना या बबल कार बघून संताप यायचा. १९५७ च्या मार्चमध्ये त्यांनी इसिगोनिसला आदेश दिला की या परदेशी खेळण्यांना रस्त्यावरून हुसकावून लावेल अशी खरीखुरी छोटी गाडी बनव. अट एकच, इंजिन कंपनीकडे आहे तेच वापरायचं.

म्हणजे मित्रांनो, मिनीचा जन्मच मुळी परदेशी गाड्यांना हरवण्यासाठी झाला. आणि त्या परदेशी गाड्यांत बीएमडब्ल्यू होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१० फुटांत ४ माणसं: आतली करामत

आता थोडं तंत्रज्ञान. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत इंजिन पुढे, उभं म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं असायचं. त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग केबिनच्या खालून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट. या सगळ्यात इतकी जागा जायची की माणसांना उरेल ती.

इसिगोनिसने हिशोब उलटा मांडला. आधी ४ माणसं बसवली, सामान ठेवलं आणि उरलेल्या जागेत यंत्र कोंबलं. गाडीची लांबी फक्त १० फूट, म्हणजे साधारण ३ मीटर. त्यासाठी त्याने काय काय केलं बघा:

- इंजिन आडवं फिरवून गाडीच्या रुंदीच्या दिशेने बसवलं. पुढचा भाग एकदम आखूड झाला.
- गिअरबॉक्स इंजिनच्या खाली, ऑईलच्या टाकीतच बसवला. दोघांना तेल एकच.
- ताकद पुढच्या चाकांना दिली. त्यामुळे मागे जाणारा शाफ्ट गेला आणि केबिनमधली जमीन सपाट झाली.
- चाकं फक्त १० इंचांची घेतली. एवढे छोटे टायर डनलॉपने खास बनवून दिले.
- स्टीलच्या मोठ्या स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू वापरले. ही कल्पना त्याचा मित्र ॲलेक्स मोल्टन याची.

परिणाम? गाडीच्या जमिनीवरची सुमारे ८० टक्के जागा माणसं आणि सामान यांच्यासाठी मोकळी झाली. आज फोनमध्ये बॅटरी, कॅमेरा आणि बोर्ड जसे मिलिमीटर मोजून बसवतात, अगदी तसंच काम, पण कॉम्प्युटरशिवाय.

यातली प्रत्येक कल्पना जगात पहिल्यांदाच आली असं मात्र नाही. आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद ही जोडी जर्मनीच्या डीकेडब्ल्यूने आधीच वापरली होती. आणि आज आपल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये दिसते ती रचना, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनच्या खाली न ठेवता शेजारी ठेवायचा, ती इटलीच्या फियाटचे इंजिनिअर दांते जाकोसा यांनी रुळवली. तंत्रज्ञानाला पासपोर्ट लागत नाही, हे इथेच दिसतं. पण सगळं एकत्र आणून ४ माणसांची स्वस्त गाडी लाखोंच्या दारात उभी करण्याचं श्रेय इसिगोनिस आणि त्याच्या छोट्या टीमचंच.

२६ ऑगस्ट १९५९

या दिवशी मिनी बाजारात आली. ८४८ सीसीचं इंजिन, किंमत करासकट ५०० पाउंडांच्या आत. सुरुवात फार गोड नव्हती. पावसात गाडीच्या जमिनीतून पाणी आत शिरायचं आणि पुढून उडालेल्या पाण्याने इंजिन बंद पडायचं. ब्रिटनच्या हवेत ही मोठीच पंचाईत! ज्यांच्यासाठी बनवली त्या साध्या कुटुंबांनीही आधी जरा दुरूनच पाहिलं.

मग हळूहळू वारं फिरलं. बीटल्सपासून अनेक नामवंत मंडळी मिनीत दिसायला लागली. रेसिंगच्या दुनियेतल्या जॉन कूपर यांनी तिची वेगवान आवृत्ती सुचवली. इसिगोनिसला ही कल्पना आधी पटली नव्हती, पण १९६१ मध्ये मिनी कूपर आलीच. तिने मॉन्टे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा जिंकली. ब्रिटनची मान उंचावणारे हे विजय मिळवून देणारे चालक कोण होते? एक बेलफास्टचा पॅडी हॉपकर्क आणि दोघे चक्क फिनलंडचे, टिमो मॅकिनेन आणि राउनो आल्टोनेन.

आणखी एक योगायोग. मिनी आली त्याच १९५९ च्या डिसेंबरमध्ये बीएमडब्ल्यू स्वतः डबघाईला आली होती. डाइमलर-बेंझ तिला गिळणार, असं जवळजवळ ठरलं होतं. छोट्या भागधारकांनी सभेत विरोध केला, मग हर्बर्ट क्वांट या उद्योगपतीने पैसा ओतला आणि कंपनी वाचली. तेव्हा कुणी सांगितलं असतं की हीच कंपनी एक दिवस मिनीची मालक होईल, तर लोक हसले असते.

मान मिळाला, खुर्ची गेली

इसिगोनिस हट्टी होता. गाडीत रेडिओ नको, सीट फार मऊ नको, चालक जागा राहिला पाहिजे, असं त्याचं मत. लोकांना काय हवं हे विचारून गाडी बनवणं त्याला मान्यच नव्हतं. सहकारी त्याच्या गर्वावरून आडनावाचा विनोद करून त्याला ॲरोगोनिस म्हणायचे. त्याच्या हट्टाने मिनी घडली, पण त्याच हट्टामुळे नंतरच्या काही गाड्या रुक्ष झाल्या आणि विक्रीत मागे पडल्या.

दुसरीकडे कंपनीचा हिशोब कच्चा होता. फोर्डने एक मिनी विकत घेऊन सुटी केली, एकेका भागाची किंमत लावली आणि बीएमसी या गाडीवर तोटा खातेय असा निष्कर्ष काढला. गाडी देशाची लाडकी, पण घर चालवायला पैसे नाहीत, अशी गत. १९६८ मध्ये विलीनीकरणातून ब्रिटिश लेलँड ही अवाढव्य कंपनी बनली. नव्या साहेबांनी इसिगोनिसला बाजूला सारलं. १९६९ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली आणि १९७१ मध्ये तो अधिकृतपणे निवृत्त झाला. निरोपाची भेट म्हणून त्याने मेकॅनोचा सगळ्यात मोठा सेट घेतला, म्हणजे नटबोल्टांनी यंत्रं जोडायचा मुलांचा खेळ. त्यानंतरही तो सल्लागार म्हणून घरूनच नवनव्या कल्पनांवर काम करत राहिला. त्याने लग्न केलं नाही. २ ऑक्टोबर १९८८ रोजी बर्मिंगहॅममध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी तो गेला.

मिनीचे मालक बदलत गेले

१९७५ मध्ये ब्रिटिश लेलँड बुडायला आली आणि सरकारने ती ताब्यात घेतली. पुढे नाव पडलं रोव्हर ग्रुप. इसिगोनिस वारला त्याच वर्षी, १९८८ मध्ये, सरकारने ती ब्रिटिश एरोस्पेसला विकली. आणि १९९४ मध्ये ब्रिटिश एरोस्पेसने ती ८० कोटी पाउंडांना विकली. कुणाला? बीएमडब्ल्यूला! ब्रिटनमध्ये बराच गहजब झाला. शेवटची मोठी ब्रिटिश मोटार कंपनी जर्मनांच्या हाती गेली, असा सूर होता.

आता खरी कमाल ऐका. तेव्हा बीएमडब्ल्यूचे प्रमुख होते बर्न्ड पिशेट्सरीडर, आणि ते होते इसिगोनिसच्या आईकडचे नातेवाईक! हुल्डाच्या बव्हेरियन घराण्यातलाच माणूस मिनीचा मालक झाला. मग मिनी परदेशात गेली म्हणायची, की आजोळी?

बीएमडब्ल्यूला रोव्हर काही झेपलं नाही. सन २००० मध्ये तिने तुकडे केले. लँड रोव्हर फोर्डला विकली. रोव्हर कार आणि लाँगब्रिजचा कारखाना एका ब्रिटिश गटाला नाममात्र १० पाउंडांना दिला. मिनी मात्र स्वतःकडे ठेवली. जुन्या मिनीचं उत्पादन ऑक्टोबर २००० मध्ये लाँगब्रिजला थांबलं. तोपर्यंत ५३ लाखांहून जास्त मिनी बनल्या होत्या. नवी मिनी २००१ मध्ये काउलीच्या कारखान्यातून बाहेर पडली, म्हणजे ज्या काउली गावात १९३६ मध्ये इसिगोनिस कामाला लागला होता तिथूनच. तिचा डिझायनर फ्रँक स्टीफन्सन हा मोरोक्कोत जन्मलेला.

आणि दोन कारखान्यांचं पुढे काय झालं? ब्रिटिश मालकांच्या हातात राहिलेली एमजी रोव्हर एप्रिल २००५ मध्ये कोसळली. सुमारे ६,००० कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. जर्मन मालकाचं काउली आजही चालू आहे. मालक आपला म्हणून कारखाना वाचेल, आणि परका म्हणून मरेल, असं काही नसतं.

मग मालकीने फरक पडत नाही का?

पडतो, आणि चांगलाच पडतो. मालकाकडे असतो निर्णय. नव्या इलेक्ट्रिक मिनी चीनमध्ये ग्रेट वॉल कंपनीबरोबरच्या भागीदारीत बनतात. नवी कंट्रीमन जर्मनीत लाइपझिगला बनते. इलेक्ट्रिक मिनी ऑक्सफर्डला बनवण्यासाठी बीएमडब्ल्यूने २०२३ मध्ये ६० कोटी पाउंडांची घोषणा केली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो बेत फेरविचारासाठी थांबवला. काउलीच्या कामगारांचं भविष्य ठरतं ते म्युनिकच्या बैठकीत. दिव्यातला झेंडा तिथे मत देत नाही.

हे आपल्यालाही लागू आहे. रोव्हरच्या त्याच कुटुंबातली लँड रोव्हर २००८ मध्ये जॅग्वारसोबत टाटा मोटर्सने फोर्डकडून २३० कोटी डॉलरना घेतली. मालक मुंबईचे झाले, तेव्हा आपली छाती फुगली. पण तिकडच्या कामगारांना तोच प्रश्न पडला असणार, जो १९९४ मध्ये पडला होता. एमजी हे नाव त्याच घरातलं. आज ते चीनच्या एसएआयसीकडे आहे, आणि भारतातल्या एमजीमध्ये मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहाचाही हिस्सा आहे. आणि आपली ॲम्बेसेडर? ती मुळात मॉरिस ऑक्सफर्ड. आपण तिला इतकं आपलंसं केलं की ती सरकारी भारताची ओळख बनली. २०१७ मध्ये ते नाव फ्रान्सच्या प्यूजोला ८० कोटी रुपयांना विकलं गेलं. नाव गेलं म्हणून तिच्या मागच्या सीटवर पाचजणांनी केलेले प्रवास काही फ्रेंच होत नाहीत.

माझ्या मते ब्रँड कुठला हा एक प्रश्न नसून चार प्रश्न आहेत. कल्पना कुणाची? बनतं कुठे? निर्णय आणि नफा कुणाचा? आणि आपलं मानतं कोण? मिनीच्या बाबतीत या चारांची उत्तरं कधीच एका देशात मावली नाहीत, अगदी १९५९ मध्येसुद्धा नाही. इसिगोनिसचंही तसंच. जन्म तुर्की भूमीवर, रक्त ग्रीक आणि जर्मन, कागद ब्रिटिश. त्याला ब्रिटिश बनवलं ते त्याने त्या देशाच्या रस्त्यावर काय उभं केलं, त्याने.

पुढच्या वेळी एखाद्या फोनवर किंवा गाडीवर कुणी स्वदेशी-विदेशीचा शिक्का मारला, तर हे चार प्रश्न विचारून बघा. आणि त्यातही तिसरा प्रश्न नीट विचारा, कारण कारखान्याचं कुलूप लागेल की उघडेल, हे त्याच उत्तरावर ठरतं.